स्कूबा साहित्य: विक्री की दुरुस्ती?

स्कूबाच्या, म्हणजे पाण्याखाली श्वास घेत डायव्हिंग करण्याच्या साहित्याच्या धंद्यात शिरायचं तर विक्री शिकावी की दुरुस्ती? विक्रीच्या काउंटरवर बोलणं लागतं, पण खरी परीक्षा मापाची. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढायचा. हात सोडल्यावर तो तिथेच टिकला तर बसला. मिशीवाल्यांना हे आधीच सांगावं, नाहीतर पाणी शिरलं की मास्क परत येतो.

दुरुस्तीत बोलणं कमी, जबाबदारी जास्त. रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब उतरवून ती तोंडापर्यंत देणारं यंत्र) उघडायचा, अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये धुवायचा, ओ-रिंगा (रबरी कड्या) आणि सीट (हवा अडवणारी गादी) बदलायची, मग गेज लावून मधला दाब, म्हणजे सिलिंडरवरचा भाग आणि तोंडातला भाग यांच्यामधल्या नळीतला दाब, बघायचा. तो बहुतेक मॉडेलांत ९ ते १० बार असतो, तरी आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधलाच धरावा. काटा स्थिरावण्याऐवजी हळूहळू चढत राहिला तर हाय-प्रेशर सीट गळतेय. मग पाण्यात तोंडातला भाग आपोआप हवा सोडू लागतो. कंपनीचं प्रशिक्षण नसेल तर अस्सल सर्व्हिस किट सहसा मिळतच नाही, आणि प्रत्येक ब्रँडचं प्रशिक्षण वेगळं.

मालवण-तारकर्लीला पावसाळ्यात डायव्हिंग बंद. तेव्हा दुकान ओस पडतं, पण सेंटरांचे मीठ धरलेले रेग्युलेटर दुरुस्तीला काढायचा हंगाम तोच. हात स्थिर असेल तर दुरुस्तीच शिका. विक्री सोबत जमते, उलट सहसा जमत नाही.