नाकातला सारकॉइडोसिस: फवारा पुरेल की गोळ्या घ्याव्यात?

सारकॉइडोसिस म्हणजे शरीरातल्या कुठल्याही अवयवात पेशींचे बारीक गोळे (ग्रॅन्युलोमा) तयार होऊन सूज येण्याचा आजार. त्याचं नाव निघालं की आधी छातीचा एक्स-रे काढतात, आणि ते बरोबरच आहे. दहातल्या नऊ रुग्णांत फुप्फुसं किंवा छातीतल्या गाठी सुजलेल्या असतात. पण काहींचा त्रास नाकापासून सुरू होतो. नाक कायम चोंदलेलं, आत कडक खपल्या, खपली निघाली की रक्त, हळूहळू वासही येईनासा होतो. मुंबईत हे सगळं धुळीच्या ॲलर्जीच्या नावावर खपून जातं. माझ्या मावशीचंही तेच झालं. निदान झाल्यावर डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: नाकापुरते उपचार किंवा पोटातून प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या.

निवड करण्याआधी टीबी नाही ना, याची खात्री करून घ्या. ग्रॅन्युलोमा दोन्ही आजारांत दिसतात, त्यामुळे नुसत्या बायोप्सीवर (तुकडा काढून केलेल्या तपासणीवर) कधी कधी फरक कळत नाही. टीबी असताना नुसती स्टिरॉइड दिली तर तो बळावतो. उलट सारकॉइडवर टीबीची सहा महिन्यांची औषधं वाया जातात आणि लिव्हरला त्रास होऊ शकतो तो वेगळाच. म्हणून बायोप्सीआधीच सर्जनना विचारा, तुकडे दोन बाटल्यांत घेणार ना? एक फॉर्मालिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला), दुसरा सलाइनमध्ये कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) यांसाठी. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होतच नाही आणि पुन्हा तुकडा काढायची पाळी येते. रक्तातल्या एसीई या एन्झाइमच्या आकड्यावर विसंबू नका. आजार असूनही तो नॉर्मल येऊ शकतो.

आजार नाकाच्या आतल्या अस्तरापुरता आणि सौम्य असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी स्थानिक उपचार मनापासून करून बघा. अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक छोटा (चहाचा) चमचा मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं आणि बिनसुईच्या सिरिंजने नाक धुवायचं. नळाचं पाणी थेट वापरू नका. खपल्या निघाल्यावरच स्टिरॉइडचा फवारा मारायचा, नाहीतर औषध खपलीवरच बसतं. फवारा नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने. अंगभर दुष्परिणाम जवळजवळ नाहीत. मात्र रोज करायचा कंटाळा केला तर उपयोग शून्य.

पडद्याला भोक पडत असेल, हाड झिजत असेल किंवा नाकाच्या शेंड्यावर जांभळट सूज आली असेल, तर फवारा पुरत नाही. तिथे प्रेडनिसोलोन लागतं. सुरुवात बहुतेकदा दिवसाला 20 ते 40 मिलिग्रॅमने होते आणि डोस काही महिन्यांत उतरवत नेतात. फरक लवकर जाणवतो. पण साखर आणि बीपी वाढतं, झोप उडते, वजन चढतं, हाडं ठिसूळ होतात. घरात मधुमेह असणाऱ्यांनी हा हिशेब आधीच मांडावा. डोस उतरवताना आजार पुन्हा डोकं वर काढत असेल तर मेथोट्रेक्झेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध जोडतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. गरोदरपणात तर अजिबात नाही.

घशाचं गणित वेगळं. स्वरयंत्रावरची झडप सुजली की आवाज घोगरा होतो, घास अडकतो. तिथे दुर्बिणीतून थेट सुजेत स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं, हा मधला मार्ग जरूर विचारा. श्वास घेताना घर्र-घर्र आवाज यायला लागला तर सगळी तुलना बाजूला ठेवून थेट कॅज्युअल्टी गाठा. कानाचा त्रास क्वचित होतो, पण अचानक ऐकू कमी येणं किंवा चेहरा वाकडा होणं म्हणजे नसांना सूज असू शकते; तिथे फवाऱ्याचा काही उपयोग नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ताप, गालफडाची सूज, डोळे लाल आणि चेहऱ्याचा लकवा हा एकत्र संच हीअरफोर्ड या डॅनिश नेत्रतज्ज्ञाने 1909 मध्येच नोंदवला होता.

मुंबईत केईएम, सायन, नायर किंवा जेजे रुग्णालयात ईएनटी (कान-नाक-घसा), छाती आणि डोळ्यांचे विभाग एकाच आवारात आहेत, हे सोयीचं पडतं. डोळे दुखत नसले तरी तपासून घ्या, ईसीजीही काढा.

स्टिरॉइडसोबत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. सारकॉइडमध्ये मात्र शरीर डी जीवनसत्त्व स्वतःच जास्त सक्रिय करतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, किडनीवर ताण येतो. त्या गोळ्या सुरू करण्याआधी कॅल्शियमची तपासणी मागून घ्या.