म्युनिक ते व्हिएन्ना रेल्वे तिकीट, तेही दर्यापूर तालुक्यात बसून – ओबीबी ॲपचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, ॲप मस्त आहे आणि एजंटची काडीची गरज नाही. ओबीबी म्हणजे ऑस्ट्रियाची सरकारी रेल्वे. आईबाबा ताईकडे म्युनिकला जाणार होते आणि तिथून दोघांनाच व्हिएन्ना पाहून यायचं होतं, ताईला सुट्टी नाही, मग प्लॅनिंग कोणाच्या गळ्यात तर माझ्या. आमच्या इकडच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याला विचारलं तर तो म्हणे भाऊ युरोपचं तिकीट आपल्याकडून काढल्याशिवाय जमतच नाही, आणि आकडा असा सांगितला की तेवढ्यात एकरभर कपाशीचा खर्च निघते. म्हटलं राहू दे बाप्पा, आपणच पाहतो.

ॲप इंग्रजीत चालतं. कुठून कुठे टाका, तारीख टाका, गाड्यांची लिस्ट येते, किती ठिकाणी गाडी बदलायची ते समोरच दिसतं. म्युनिकहून रेलजेट नावाची गाडी थेट जाते, साल्झबर्ग, लिंझ करत चारेक तासांत व्हिएन्ना. लिंझच्या पुढे 230 च्या स्पीडपर्यंत पळते म्हणतात. बाबांना हे सगळं सांगितलं तर त्यांचा एकच प्रश्न, "कन्फर्म हाय का वेटिंग?"

आता इथे नीट समजून घ्या, कारण आपल्या डोक्यात अंबा एक्सप्रेसचा हिशोब बसलेला असतो. तिकडे या गाडीला वेटिंग, आरएसी, चार्ट असं काही नाही. तिकीट म्हणजे गाडीत बसायचा हक्क, सीट नंबर त्यात येत नाही. सीट पाहिजे तर थोडे पैसे देऊन वेगळी घ्यायची, नाहीतर जिथे रिकामी दिसेल तिथे बसायचं. सीटजवळ छोटा डिस्प्ले असतो, त्यावर ती कुठून कुठपर्यंत बुक आहे ते लिहून येतं, म्हणजे लिंझपासून बुक असेल तर लिंझपर्यंत खुशाल बसा. म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र सीट घ्याच, सुट्टीच्या दिवसांत गाड्या भरतात आणि बॅगा घेऊन डबाभर फिरणं त्यांच्यानं होत नाही. ॲपमध्ये हा सीटचा पर्याय घाईघाईत सहज सुटून जाईल असा आहे, तो जरा ठळक पाहिजे होता.

भावाचं म्हणाल तर सगळ्यात स्वस्त ते स्पारशिने नावाचं तिकीट. ते त्याच गाडीला चालतं, गाडी चुकली की गेलं, आणि कॅन्सल केलं तर पैसे परत नाहीत. दुसरं साधं तिकीट महाग पण मोकळीक जास्त. आपल्याकडे आता 60 दिवस आधी बुकिंग मिळतं, तिकडे सहा महिने आधीपासून मिळतं, आणि जितकं आधी तितकं स्वस्त, म्हणून मोह होतो. पण व्हिसाचा ठप्पा पासपोर्टवर पडल्याशिवाय स्पारशिने काढू नका, दहा-वीस युरो वाचवायच्या नादात सगळेच जातील. आम्ही व्हिसा आल्यावरच काढलं, थोडं महाग पडलं तर पडलं.

अजून एक घोळ स्टेशनचा. व्हिएन्नात मोठी स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत. ओबीबीची रेलजेट हाउप्टबानहोफ म्हणजे मेन स्टेशनला जाते. वेस्टबान नावाची खाजगी कंपनीही म्युनिक–व्हिएन्ना गाड्या चालवते, पण ती वेस्टबानहोफला उतरवते आणि तिचं तिकीट वेगळं. हॉटेल कुठे आहे ते पाहून गाडी ठरवा. मेन स्टेशनवरून यू 1 मेट्रो धरली की थेट स्टेफान्सप्लाट्झ, म्हणजे मोठ्या चर्चपाशी, म्हणून आम्ही तीच गाडी घेतली.

पेमेंटचं म्हणाल तर आपल्या कार्डवर परदेशी व्यवहार बहुतेक बंदच असतात, 2020 पासून रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल चालू करायचं, लिमिट टाकायची, काम झालं की परत बंद. आमच्या गावात रेंज गच्चीवरच येते त्यामुळे ओटीपी येईस्तोवर मी पाण्याच्या टाकीजवळ उभा, पण पैसे एकाच झटक्यात गेले आणि तिकिटाची पीडीएफ मेलवर आली. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, तिकीट नावावर असतं. पीडीएफ बाबांच्या व्हॉट्सॲपवर टाकली, टीसीनं गाडीतच मोबाईलवरचा कोड स्कॅन केला, स्टेशनवर गेट-बिट काही नव्हतं याचंच बाबांना लय नवल.

येताना मात्र पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. दोन्ही देश शेंगेनमध्ये (म्हणजे एकमेकांच्या बॉर्डरवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपच्या देशांच्या गटात) असले तरी जर्मनीनं ऑस्ट्रियाच्या बॉर्डरवर 2015 पासून तपासणी ठेवलेली आहे. साल्झबर्ग सोडलं की लगेच फ्राइलासिंग लागतं, तिथं पोलीस डब्यात चढले, आईनं म्हणे पासपोर्ट आधीच पदराला धरून ठेवला होता.

गाडी तासाभराहून जास्त लेट झाली तर युरोपच्या नियमानं तिकिटाचे 25 टक्के, दोन तासांच्या वर 50 टक्के परत मिळतात, काही अपवाद सोडून. आमची वेळेवर होती, त्यामुळे तो फॉर्म भरायची वेळ आली नाही.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो त्या सीटच्या पर्यायासाठी. इंग्रजी जेमतेम असेल तर घरातल्या कॉलेजच्या पोरीला शेजारी बसवा, आणि पेमेंट दिवसा करा, रात्री आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही.