जंगल कार्बाइन म्हणून मला कापलेली नंबर ४ विकली

आधी आकडे लिहितो, नाहीतर पुढे लाजेपोटी मीच ते कमी करून सांगेन. रायफल १,१५० डॉलर. संगीन २१०. पाठवणावळ ४८. इथल्या परवानाधारक दुकानदाराची नोंदणीची फी ३५. काडतुसांची दोन खोकी ८४. एकूण १,५२७ डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर. एवढ्या पैशांत हवी होती जंगल कार्बाइन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश फौजेची आखूड रायफल; हातात आली ती त्याच फौजेची, कॅनडात बनलेली लांब नंबर ४ रायफल, कुणीतरी नळी कापून आखूड केलेली आणि वरून काळा रंग फासलेली. जाणकाराने तिची किंमत ३०० ते ३५० डॉलर सांगितली, तीही गिऱ्हाईक मिळालं तर.

मी ओहायोत राहतो. ग्रीन कार्ड आहे, बंदूक घेणं इथे कायदेशीर आहे आणि मी सगळे कागद नीट केले. हे मुद्दाम लिहितोय, कारण ज्या दोघा-तिघा मित्रांना सांगितलं त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुला हा नाद कशाला?" नाद नव्हता. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला जपान्यांशी जी लढाई झाली, तिच्यात त्यांच्या डाव्या हाताची करंगळी गेली. साताऱ्याच्या घरी ओटीवर बसून ते "आमची जंगलातली थ्री-नॉट-थ्री" एवढंच म्हणायचे आणि रिकाम्या हातांनी बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारायचा दांडा, मागे ओढून दाखवायचे. मी अकरा वर्षांचा असताना ते गेले. जंगलातली म्हणजे जंगल कार्बाइनच, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं. घोळ इथूनच सुरू झाला, हे आता कळतंय.

'जंगल कार्बाइन' हे फौजेचं नाव नाही. कागदोपत्री ती 'रायफल नंबर ५ मार्क १'. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका व्यापारी कंपनीने लष्कराच्या विकायला काढलेल्या लांब रायफली आखूड करून हे नाव लावून विकल्या आणि नाव लोकांच्या तोंडी बसलं. त्या वेळी तो उघड धंदा होता, घेणाऱ्यालाही माहीत होतं. फसवणूक आता होते. तीच कापलेली किंवा घरच्या गॅरेजमध्ये कापलेली नंबर ४ घ्यायची, तिच्यावरचा छाप घासायचा आणि खऱ्या नंबर ५ च्या भावात विकायची.

लिलावाच्या एका साइटवर जाहिरात दिसली. "नंबर ५ मार्क १, १९४३, वडिलांच्या संग्रहातली." विकणारा ॲरिझोनातला, फोनवर अत्यंत सभ्य. मला मिस्टर म्हणून आडनावाने हाक मारायचा, आडनावाचा उच्चार विचारून घेतला आणि पुढच्या फोनला बरोबर केला. मी भाबडेपणाने त्याला आजोबांचं सगळं सांगितलं. ब्रह्मदेशची आघाडी, सांगशाक, करंगळी. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, रात्री वडिलांची वही काढून पाहिली. ही रायफल त्यांनी एका इंग्रज अधिकाऱ्याकडून घेतली होती आणि तो अधिकारी ब्रह्मदेशात हिंदी पलटणींबरोबर होता.

आदल्या दिवशी या वहीचा पत्ता नव्हता. माझी गोष्ट ऐकल्यावर त्याची गोष्ट तयार झाली. फोन ठेवून मी पाच मिनिटं शांत बसलो असतो तर हे दिसलं असतं. मी उलट बायकोला हाक मारून सांगितलं की बघ, योग कसे जुळून येतात.

आणि ते साल! त्यावर मी अजून रात्री जागा राहतो. नंबर ५ चं उत्पादनच १९४४ मध्ये सुरू झालं. १९४३ ची नंबर ५ असूच शकत नाही. मी ते साल वाचलं, त्यावर विचारही केला, पण विचार काय केला? सांगशाक मार्च ४४, रायफल ४३ ची, म्हणजे जमतं! साल आजोबांच्या गोष्टीत बसतं की नाही एवढंच मी पाहिलं. रायफलीच्या इतिहासात बसतं का, हे पाहिलंच नाही.

फोटो मी मागितले होते, त्याने अकरा पाठवले. तपकिरी गालिच्यावर ठेवलेली रायफल. मुठीजवळच्या धातूच्या पट्ट्यावर, जिथे नंबर असतो, तिथे त्याचा अंगठा. नखाच्या मधोमध उभी चीर गेलेली, तीही मला आठवते, इतका वेळ मी तो फोटो मोठा करून पाहिला होता. अंगठ्याच्या बाजूने शेवटचे आकडे दिसत होते, सुरुवात झाकलेली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, नंबर उघड टाकला की चोर तो दुसऱ्या जाहिरातीत वापरतात. हे मला पटलं, कारण असे प्रकार खरंच होतात. पण मग नंबर फोनवर सांगायला काय हरकत होती? मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. पूर्ण नंबर, अक्षरांसकट, पैसे देण्याआधी. मिळाला नाही तर फोन ठेवा.

अंगठ्याखाली 'एल' होता. कॅनडातल्या लाँग ब्रँच कारखान्याच्या नंबर ४ च्या क्रमांकात 'एल' असतो, अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीच्या नंबर ४ च्या क्रमांकात 'सी'. नंबर ५ फक्त इंग्लंडमध्ये बनली, फझाकरलीला आणि बीएसए कंपनीच्या शर्लीच्या कारखान्यात. माझ्या रायफलीच्या डाव्या बाजूवरचं कारखान्याचं नाव घासून तिथे 'नंबर ५ मार्क १' कोरलंय, खालचं १९४३ तसंच सोडलंय आणि वर रंग. क्रमांक मात्र त्याने घासला नाही, कारण क्रमांक खोडणं हा इथे मोठा गुन्हा आहे आणि ते त्याला नीट माहीत होतं. म्हणून अंगठा.

पैशांचं सांगतो. साइटबाहेर व्यवहार केला तर कमिशन वाचतं, ६० डॉलर कमी करतो, म्हणाला. १,२१० चे १,१५० झाले ते असे. संगीन आणि पाठवणावळ धरून आधी ३०० पाठवले, मग १,१०८, दोन्ही वेळा पैसे पाठवायच्या ॲपवर 'मित्र आणि नातलग' हा पर्याय निवडून, कारण तसं त्याने सांगितलं. मला ठाऊक होतं की त्यात संरक्षण नसतं. इतरांना मी स्वतः हे बजावलेलं आहे. पण जो माणूस तीन दिवस तुमच्या आजोबांबद्दल विचारतो, त्याच्यावर अविश्वास दाखवणं मला असभ्य वाटलं. यात मी मूर्ख नव्हतो, मी माणसासारखा वागलो, असं मला आजही वाटतं. साठ डॉलर वाचवायला मात्र जायला नको होतं.

रायफल थेट घरी येत नाही, इथल्या परवानाधारक दुकानात येते. तिथे ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते, मग ताबा मिळतो. काउंटरवरच्या म्हाताऱ्या गृहस्थाने खोकं उघडून माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, फॉर्मच्या आधी नीट बघून घ्यायचीय का? मागे चार जण उभे होते. मी म्हटलं, गरज नाही, फोटो पाहिलेत. त्याने एकदा रायफलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पेन दिलं. त्या क्षणी दहा मिनिटं घेतली असती तर रायफल त्याच खोक्यात परत गेली असती. फॉर्म भरून ताबा घेतला की विकणारा हात वर करायला मोकळा. मागे चार काय, चाळीस जण उभे असोत, फॉर्मच्या आधी बघा.

काय बघायचं? खऱ्या नंबर ५ चं वजन कमी करायला रिसीव्हरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या चौकटीचा) आणि नळीच्या मुळाशी असलेला भाग कोरून काढलेला असतो, बोल्टच्या मुठीचा गोळाही आतून पोकळ. वजन सुमारे ३.२ किलो, नंबर ४ चं ४.१. माझ्या रायफलीचा गोळा भरीव आहे आणि रिसीव्हरवर एकही कोरीव खाच नाही. बोल्ट काढायला नंबर ४ मार्क १ ला आणि नंबर ५ ला मागच्या बाजूस दाबायचा खटका असतो. कॅनडा आणि अमेरिकेत बनलेल्या नंबर ४ च्या 'मार्क १ स्टार' या प्रकाराला तो खटका नाही, त्याऐवजी बोल्टचं डोकं ज्या पट्टीवर सरकतं तिला पुढे एक छोटी खाच. ही खाच दिसली की विषय संपला, ती नंबर ५ नाही. माझ्याकडच्या सातव्या फोटोत ही खाच स्वच्छ दिसते. मागच्या नेमाच्या शिडीवर अंतराचे आकडे ८०० पर्यंत हवेत, माझ्या शिडीवर १३०० पर्यंत आहेत. शिडी बदलता येते, म्हणून तेवढ्यावर जाऊ नका, पण १३०० दिसलं तर बाकीचं दुप्पट लक्ष देऊन बघा.

घरी आणून संगीन लावायला गेलो, तर बसेचना. नंबर ५ च्या संगिनीची कडी मोठी असते, नळीच्या टोकावरच्या फनेलसारख्या टोपणावर बसते. इथे ती अर्ध्यावर अडकली. त्याला फोन केला, तो म्हणाला जुना माल आहे, कानस मारा थोडी. नशीब, मी मारली नाही. संगीन खरी होती. टोपण खोटं होतं. खऱ्याला आडव्या पिना ठोकलेल्या असतात, माझ्या टोपणाला खालून एक साधा स्क्रू होता. तो स्क्रू मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता आणि वाटलं, कुणीतरी दुरुस्ती केली असेल.

रेंजवर पहिल्या दहा गोळ्या डावीकडून वर सरकत गेल्या, एकही एका जागी नाही. नंबर ५ बद्दल प्रसिद्ध तक्रार आहे की तिचा नेम भटकतो, फौजेत तिच्या या खोडीची चौकशी झाली होती. त्यामुळे नेम भटकला तसा मी खूश झालो. म्हणजे अस्सल! शेजारच्या टेबलावरचे एक वयस्कर गृहस्थ उठून आले, टोपण दोन बोटांत धरून हलवलं. ते हललं. मग त्यांनी रायफल उलटी केली, क्रमांक वाचला आणि एवढंच म्हणाले, "ही कॅनडाची आहे." पुढचा अर्धा तास त्यांनी मला जे दाखवलं तेच वर लिहिलंय. त्यांनीच सांगितलं की ब्रह्मदेशात हिंदी पलटणींच्या हातात बहुतेक जुनी लांब नंबर १ मार्क ३ होती, आपल्याच ईशापूरच्या कारखान्यात बनलेली. म्हणजे आजोबांची थ्री-नॉट-थ्री ती. आखूड नाहीच.

त्याच संध्याकाळी विकणाऱ्याला फोन केला. दोनदा वाजला, मग बंद. मेसेजला उत्तर आलं, "पाहून घेतलीत, व्यवहार पूर्ण झाला." तिथून पुढे काही नाही.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांचं ऐका. इथल्या पोलिस ठाण्यात ४० मिनिटं बसवलं. अधिकाऱ्याने विचारलं, रायफल मिळाली ना? चालते ना? मग गुन्हा कुठला, हा दिवाणी मामला. मी म्हटलं, कारखान्याचं नाव घासून खोटं नाव कोरलंय. तो म्हणाला, क्रमांक शाबूत आहे ना? बंदुकांचं खातं बघणाऱ्या कार्यालयानेही तेच, क्रमांक शाबूत. सगळ्यांना क्रमांकाशी देणंघेणं. माणूस लुबाडला गेला याच्याशी कुणाला नाही. पैशांच्या ॲपला सहा वेळा लिहिलं, सहाही उत्तरं शब्दाला शब्द सारखी, वर माझ्या संयमाबद्दल आभार. लिलावाची साइट म्हणते, व्यवहार बाहेर झाला. बाहेर झाला तरी तो माणूस तुमच्याच दारात गिऱ्हाईक शोधत उभा आहे ना, त्याचं खातं तरी बंद करा! "धोरणानुसार तपासू." संघीय ऑनलाइन तक्रारीला चार महिने झाले, एक १२ अंकी नंबर मिळालाय, बाकी शांतता. ॲरिझोनातल्या ग्राहक तक्रार विभागाचं पत्र सात आठवड्यांनी आलं. समोरच्या पक्षाने उत्तर न दिल्यामुळे प्रकरण बंद करत आहोत, असं. उत्तर न देणाऱ्यालाच सुटका! छोट्या दाव्यांच्या कोर्टात जा म्हणतात, पण दावा त्याच्या राज्यात लावायचा. विमानाचं तिकीट, हॉटेल, दोन दिवसांची रजा, ही बेरीज १,५२७ च्या पुढे जाते आणि हे गणित त्याने आधीच मांडलेलं असणार. म्हणूनच असले लोक लांबच्या राज्यातलं गिऱ्हाईक धरतात. शक्यतो हाताला लागेल तिथूनच घ्या, गाडीने जाता येईल एवढ्या अंतरावरून.

आणखी एक. कुठलीही जुनी वस्तू घेताना आपल्या घरची गोष्ट विकणाऱ्याला सांगू नका. आजोबा, पणजोबा, पलटण, गाव, काही नाही. आधी त्याच्याकडून त्याची गोष्ट लिहून घ्या, तारखांसकट, मग गप्प राहा. आपल्यातल्या किती घरांत फौजेतले आजोबा आहेत, मला माहीत आहे. तुमच्या आवाजात काय हलतं ते समोरच्याला लगेच ऐकू येतं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. रायफल आली त्या दिवशी मी साताऱ्याला फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, आबांची बंदूक. बाबांनी तो मोठा करून घेतला आणि आबांच्या तसबिरीखाली लावला. व्हिडिओ कॉलवर मागे दिसतो.

गेल्या गुरुवारी दुसऱ्या एका साइटवर जाहिरात पाहिली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, गाव वेगळं, नंबर ५ मार्क १, १,२०० डॉलर. तपकिरी गालिचा तोच. मुठीजवळ अंगठा, नखाच्या मधोमध उभी चीर. मी साइटला कळवलं आहे, अजून जाहिरात उतरलेली नाही. हा फोटो तुमच्यापुढे आला तर पैसे पाठवू नका.