जुनी यंत्रे पडद्यावर पुन्हा चालू होतात तेव्हा: पुनरुज्जीवनाच्या कार्यक्रमांचे परीक्षण

गंजून जाम झालेले इंजिन, रंग उडालेला पेट्रोलपंप किंवा काटे थांबलेले घड्याळ आणायचे आणि कार्यक्रम संपायच्या आत ते लखलखीत करून मालकाच्या स्वाधीन करायचे, हा दूरचित्रवाणीवरचा प्रकार आता चांगलाच रुळला आहे. त्याबद्दल सर्वांत आधी विचारले जाते ते हे की, असे कार्यक्रम खरे असतात का? एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण पडद्यावरचा लेथ (धातू फिरवत ठेवून तासणारे यंत्र) खरा असतो, त्यावरून उडणारा कीस खरा असतो आणि यंत्रापाशी उभा असलेला माणूस बहुधा आपल्या कामात मुरलेला असतो. बनाव शिरतो तो दोन दृश्यांच्या मध्ये, जे गाळले जाते त्यात. हे कार्यक्रम बरीच वर्षे आवडीने पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, हातांचे काम ते बऱ्यापैकी प्रामाणिकपणे दाखवतात, वेळेचा आणि पैशाचा हिशेब क्वचितच खरा देतात, आणि दुरुस्त केलेले यंत्र खरोखर काम करण्याच्या लायकीचे झाले की नाही, या प्रश्नाकडे तर बहुतेक जण वळूनही पाहत नाहीत.

जाम झालेल्या पिस्टनचेच उदाहरण घ्या. पडद्यावर तेल फवारले जाते, लाकडी ठोकळा टेकवून दोन-चार घाव घातले जातात आणि पिस्टन सुटतो. प्रत्यक्षात गंजात झिरपणारे तेल सिलिंडरमध्ये भरून दिवसचे दिवस थांबावे लागते, मधूनमधून बाहेरून उष्णता द्यावी लागते, पुन्हा तेल घालून पुन्हा वाट पाहावी लागते. घाई करून जोर लावला तर पिस्टन फुटतो किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. पिस्टन निघाल्यावर खरे दुखणे उघडे पडते, कारण सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाने खड्डे पाडलेले असतात. मग बोअर, म्हणजे सिलिंडरचे आतले भोक, वाढवून मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा की आत स्लीव्ह, म्हणजे नवी धातूची नळी, ठोकायची, हे वेगवेगळ्या खोलीवर आणि एकमेकांना काटकोनात असलेल्या दिशांनी माप घेतल्याशिवाय ठरत नाही. झिजलेला सिलिंडर गोलही राहिलेला नसतो आणि सरळही नसतो. माप घेण्याचे हे दृश्य या कार्यक्रमांत इतके दुर्मीळ आहे की, कार्यक्रम पारखण्याची माझी पहिली खूण मी तीच ठरवली आहे. ज्या भागात मायक्रोमीटर किंवा डायल गेज ही बारीक मापे घेणारी साधने एकदाही हातात येत नाहीत, त्या भागात दुरुस्ती थोडी आणि सजावट फार, असे खुशाल समजावे.

मोडलेल्या स्टडची, म्हणजे यंत्रात घट्ट बसवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टचीही हीच कथा आहे. बिडाच्या भागात आटे धरून बसलेला स्टड मोडला, तर उरलेल्या तुकड्यावर नट ठेवून तो आतून वेल्ड करायचा आणि त्या उष्णतेने पकड सैल होते का ते पाहायचे. नाहीच झाली तर बरोबर मध्यावर भोक पाडत आट्यांच्या काठापर्यंत जायचे. भोक जरा तिरके गेले की मूळचे आटेही हातचे जातात. त्यात बिडाला वेल्डिंग सहसा मानवत नाही. संपूर्ण भाग आधी तापवून नंतर अगदी सावकाश थंड केला नाही, तर जोडाच्या शेजारीच नवा तडा जातो, म्हणून जाणकार पुष्कळदा ब्रेझिंग करतात, म्हणजे पितळेसारखा धातू वितळवून सांधतात, किंवा तड्याच्या रेषेवर एकमेकांत अडकणाऱ्या धातूच्या खुंट्या बसवून तो भाग न तापवताच सांधतात. या सगळ्यात पाहण्यासारखे नाट्य भरपूर आहे, पण ते संथ आहे. त्याऐवजी निर्माते जाहिरातीच्या आधी ‘हा भाग आता मिळणे अशक्य’ असे चिंतातुर वाक्य पेरतात आणि जाहिरात संपताच तो भाग टेबलावर येऊन पडलेला असतो. तो कोणी घडवला, किती प्रयत्न वाया गेले, याचा पत्ता लागत नाही. जुन्या ब्रिटिश यंत्रांवरचे आटे अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या पद्धतीचे, म्हणजे ५५ अंशांच्या कोनाचे असू शकतात आणि ६० अंशांचा मेट्रिक बोल्ट तिथे नीट बसत नाही, ही साधी अडचणसुद्धा पडद्यावर फारशी ऐकू येत नाही.

सजावटीच्या परंपरेचा नमुना म्हणून हिस्टरी वाहिनीवर २०१० साली सुरू झालेल्या ‘अमेरिकन रेस्टोरेशन’कडे बोट दाखवता येईल. लास वेगासमधील रिक डेल यांच्या कार्यशाळेत शीतपेयांची जुनी यंत्रे, पेट्रोलपंप, खेळण्यातल्या गाड्या अशा वस्तू येत आणि चकचकीत होऊन परत जात. पत्रा ठोकून सरळ करणे, रंगकाम, अक्षरे रंगवणे यांत तिथल्या माणसांचा हात चांगला होता, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप आहे तो या चकचकीतपणालाच यश मानण्यावर. सॅन्डब्लास्टिंगने गंज जातो, पण त्याबरोबर मूळ रंगाचा थर, कारखान्याच्या खुणा आणि जुन्या दुरुस्त्यांचा इतिहासही जातो आणि तो परत आणता येत नाही. म्हणूनच संग्रहालयांसाठी जतनाचे काम करणारे लोक मूळ पृष्ठभागाला शक्य तितका कमी हात लावतात. शिवाय चालत्या यंत्राच्या भागांवर वाळूचा मारा केला आणि एखादा कण तेलाच्या वाटेत राहून गेला, तर नवे बेअरिंग खराब व्हायला वेळ लागत नाही. नुसत्या शोभेच्या वस्तूला हे चालून जाते. अंतिम दृश्यात डोळे विस्फारणारा मालक आणि टाळ्या असतात; यंत्र तासभर चालवल्यावर काय झाले, हे कोणी विचारत नाही.

‘व्हीलर डीलर्स’ या २००३ पासूनच्या ब्रिटिश कार्यक्रमाला मी याहून बराच वरचा दर्जा देतो. जुनी मोटार माइक ब्रूअर विकत घेणार, दुरुस्तीनंतर विकणार आणि मधले काम मेकॅनिक करणार, अशी त्याची बांधणी होती. आणि एड चायना मेकॅनिक असताना ते मधले काम या प्रकारातले सर्वांत शिकण्याजोगे होते. कोणता भाग का काढला, कोणत्या क्रमाने काढला, सील का गळत होते, हे ते इतक्या स्वच्छपणे सांगत की, घरी अवजारे घेऊन बसलेल्या माणसाला त्याचा खरोखर उपयोग व्हावा. खोट होती ती शेवटच्या ताळेबंदात. खरेदीची किंमत आणि सुट्या भागांचा खर्च विक्रीच्या रकमेतून वजा करून ‘नफा’ जाहीर केला जाई, पण मेकॅनिकच्या श्रमाचे तास त्यात धरलेलेच नसत. एखाद्या गॅरेजमालकाने असाच हिशेब ठेवला तर त्याला लवकरच शटर ओढावे लागेल. एड चायना २०१७ मध्ये कार्यक्रम सोडून गेले, तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितले की, कार्यशाळेतील तपशीलवार काम चित्रित करणे निर्मात्यांना फार कष्टाचे वाटत होते आणि त्यांना ते कमी करायचे होते. कार्यक्रमातला सर्वांत खरा भागच सर्वांत महाग पडतो, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

अमेरिकेतील ‘ओव्हरहॉलिन’ या २००४ साली सुरू झालेल्या कार्यक्रमावर मात्र फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. मालकाच्या नकळत गाडी पळवायची आणि चिप फूस यांच्या संघाने आठवडाभरात ती नव्याने उभी करायची, ही त्याची अटच मुळी तमाशाची होती. ते काम होत असे ते माणसांची फौज रात्रंदिवस राबल्यामुळे.

बीबीसीचा ‘द रिपेअर शॉप’ हा २०१७ पासूनचा कार्यक्रम याच्या दुसऱ्या टोकाला आहे. वेस्ट ससेक्समधील एका खुल्या संग्रहालयाच्या आवारात, जुन्या कोठारात बसून कारागीर काम करतात आणि आरडाओरडा, मुदतीची भीती, आपसांतील भांडणे यांना तिथे जागा नाही. जुन्या दुरुस्तीची खूण मुद्दाम राखायची का, यावर तिथे मालकाशी बोलणे होते, ही बाब मला फार मोलाची वाटते. पण मालकाला एक पैसाही मोजावा लागत नाही, आणि त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात एक विचित्र समज तयार होतो: आजोबांचे घड्याळ दुरुस्त व्हायला लागतो तो केवळ जिव्हाळा. पूर्ण उघडून साफ केलेले घड्याळ पुढे कित्येक दिवस चालत ठेवून, दर दिवसाचा फरक टिपून त्याची गती बसवावी लागते. त्याचे बिल पाहिल्यावर बरेच लोक दुरुस्तीचा विचार सोडून देतात, आणि तो प्रसंग या कोठारात कधीच उभा राहत नाही.

वेळेच्या बाबतीत सर्वांत खरे चित्र माझ्या मते फ्रेड डिबना यांच्यावरील बीबीसीच्या मालिकांत सापडते. बोल्टनचे हे गृहस्थ उंच धुराड्यांची दुरुस्ती करणारे आणि १९७९ मधील माहितीपटामुळे प्रसिद्धीस आलेले. घराच्या परसात त्यांनी वाफेच्या यंत्रांची कार्यशाळाच थाटली होती. तिथे त्यांच्या वाफेच्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीला २७ वर्षे लागली. पैसा आला की काम पुढे, संपला की ठप्प. बॉयलरसाठी प्लेट वाकवायची, रिव्हेट तापवून ठोकायचे, मग पुन्हा दुसऱ्या कोणत्या तरी कामाच्या मागे लागायचे. ज्याने एखादे जुने यंत्र हौसेने घरी आणून ठेवले आहे, त्याला हे दळण ओळखीचे वाटेल. कॅमेरा इथे यंत्र पूर्ण होण्याची वाट पाहत थांबला नाही, अर्धवट अवस्थाच दाखवत राहिला, म्हणून ते खरे वाटते.

ओघात सुरक्षिततेचेही सांगायला हवे, कारण तिथे दृश्यांची अती काटछाट थेट घातक ठरू शकते. जुन्या रंगात शिसे असू शकते, जुन्या गॅस्केटमध्ये आणि वाफेच्या नळांवरील वेष्टणात ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ते कोरडे घासून काढणे हा मोठा धोका आहे. फिरत्या लेथवर हातमोजे घालून काम करण्याचा तर विचारही करू नये. पडद्यावर मात्र ठिणग्यांचा वर्षाव सुंदर दिसतो, तेवढेच प्रेक्षक उचलतो.

मूळपणाचा प्रश्न चॅनल ४ वरील २०१४ च्या ‘गाय मार्टिन्स स्पिटफायर’ या माहितीपटाने चांगला उभा केला. स्पिटफायर जातीचे एन ३२०० हे ब्रिटिश लढाऊ विमान मे १९४० मध्ये डंकर्कच्या लढाईत फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरवावे लागले, १९८६ मध्ये ते वाळूतून वर आले आणि २०१४ मध्ये त्याने पुन्हा उड्डाण केले. इतकी दशके खाऱ्या वाळूत काढलेला ॲल्युमिनियमचा पत्रा घेऊन कोणी आकाशात जाणार नाही, हे उघड आहे. मग नवे किती आणि जुने किती, आणि तरीही ते तेच विमान कसे, हा विचार करायला हा कार्यक्रम भाग पाडतो. सादरकर्ते गाय मार्टिन स्वतः मेकॅनिक असल्याने त्यांचे कुतूहल लटके वाटत नाही, हा आणखी एक फायदा.

राहिला प्रश्न चाचणीचा. बॉयलर दुरुस्त झाला असे म्हणण्याआधी त्यात पाणी भरून कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब दिला जातो, त्यानंतर वाफेवर परीक्षा होते. छोट्या इंजिनालाही भार लावून, गरम करून, पुन्हा बोल्ट तपासल्याशिवाय त्याचा भरवसा नसतो. या टप्प्याची खरी किंमत कळते ती ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या १९२३ च्या रेल्वे इंजिनाच्या कहाणीतून, ज्यावर बीबीसीनेही माहितीपट केला. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते २००४ मध्ये २३ लाख पौंडांना घेतले, २००६ मध्ये दुरुस्ती सुरू झाली, मुख्य सांगाड्यात तडे सापडले, अंदाज पुन्हा पुन्हा कोलमडले, आणि काम पुरे व्हायला २०१६ उजाडले. खर्च ४२ लाख पौंडांवर गेला. आणि जानेवारी २०१६ मध्ये हे इंजिन चाचणीसाठी पहिल्यांदा रुळांवर धावले, तेव्हा ते साध्या काळ्या रंगात होते. ज्या हिरव्या रंगात ते २५ फेब्रुवारीला लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्कला गेले, तो रंग त्यावर चाचण्या झाल्यानंतरच चढवण्यात आला.