५० मिमी एफ १.८ लेन्सवर बाळाचे फोटो शिकताना : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बहिणीला मुलगी झाली तेव्हा माझ्याकडे एक जुना एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स, म्हणजे किट लेन्स, एवढेच साहित्य होते. बाळाचे चांगले फोटो आपल्याला काढता यावेत, एवढ्याच हौशीपोटी मी ५० मिमी एफ १.८ ही लेन्स घेतली. बाळ तीन आठवड्यांचे असल्यापासून आज ते दहा महिन्यांचे होत आले आहे, तोपर्यंत ही लेन्स मी जवळजवळ दर आठवड्याला वापरली. बहुतेक कंपन्यांच्या यादीत अशी एक लेन्स असते आणि त्यांचे वागणे पुष्कळसे सारखे असते, त्यामुळे कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही.

लेन्स घेण्याचे कारण एकच होते, आणि ते म्हणजे एफ १.८. एफचा आकडा म्हणजे लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) किती उघडे आहे याचे माप; आकडा लहान तितके छिद्र मोठे. पार्श्वभूमी लोण्यासारखी मऊ झालेली आणि मधोमध बाळाचा चेहरा, असे फोटो पाहूनच मी तिच्याकडे वळले होते. पहिल्याच दुपारी झोपलेल्या बाळाचे दीडशेच्या वर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते सगळेच सुंदर दिसत होते. रात्री संगणकावर मोठे करून पाहिले तेव्हा नाकाचा शेंडा लख्ख होता आणि पापण्या मात्र धूसर. काही फोटोंत कान स्पष्ट होता आणि चेहरा नव्हता. लेन्स सदोष आली असावी अशीच माझी खात्री झाली होती.

दोष लेन्सचा नव्हता. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने, एफ १.८ ला, साठ सेंटिमीटरवरून फोटो काढला तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम एक सेंटिमीटर भरते, आणि नाकाच्या शेंड्यापासून पापणीपर्यंतचे अंतर तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावरसुद्धा त्याहून जास्त असते. त्याच अंतरावर एफ ४ ठेवले की ही खोली सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास जाते, आणि बाळापासून एक मीटरपर्यंत मागे सरकून एफ ४ ठेवले तर सहा सेंटिमीटरच्या आसपास. हा हिशेब समजल्यानंतर माझे बहुतेक फोटो एफ २.८ ते एफ ४ या टप्प्यात निघू लागले. ज्या एफ १.८ साठी लेन्स घेतली, तो आकडा आता मी बाळाची मूठ, तळपाय, मानेवरची लव अशा एकाच बारीक गोष्टीसाठी राखून ठेवते. पार्श्वभूमी मऊ करायची असेल तर बाळाला भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे आणणे हा उपाय अॅपर्चर उघडण्यापेक्षा अधिक भरवशाचा आहे.

दुसरी चूक फोकसच्या पद्धतीत होती. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरायचा आणि मग कॅमेरा थोडा वळवून चौकट जुळवायची, ही माझी जुनी सवय. स्पष्ट भागाची खोली इतकी कमी असताना तेवढ्या वळण्यानेही फोकस डोळ्यावरून सरकतो. आता चौकट आधी ठरवते, कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर येईल असा एकच फोकस बिंदू निवडते आणि सलग फोकस चालू ठेवते, कारण बाळ हलले नाही तरी हातात कॅमेरा धरून वाकलेली मी हलतच असते.

किट लेन्सच्या तुलनेत मला सर्वांत मोठा फरक चेहऱ्याच्या आकारात जाणवला. १८ मिमीला बाळ चौकटीत मोठे दिसावे म्हणून अगदी जवळ जावे लागत असे आणि मग कपाळ व नाक पुढे आल्यासारखे, कान मागे गेल्यासारखे दिसत. ५० मिमी लेन्स या कॅमेऱ्यावर फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरील ७५-८० मिमीइतके दृश्य पकडते, त्यामुळे आपोआप मीटरभर लांब राहावे लागते आणि चेहरा आपल्याला डोळ्यांनी दिसतो तसाच येतो. झूम नसल्यामुळे पुढेमागे आपणच व्हायचे. पहिल्या महिन्यात मी उभी राहून खाली पाहत फोटो काढत होते. नंतर जमिनीवर पालथी पडून, कोपरे टेकवून, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन काढू लागले. बाळाच्या उंचीवरून घरातली तीच खोली वेगळीच दिसते, आणि फोटोत ते लगेच कळते.

प्रकाशाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या नऊ महिन्यांत मी सर्वाधिक तेच शिकले. ऊन थेट आत येत नाही अशी एक मोठी खिडकी, तिच्यापासून हातभर अंतरावर गादी, आणि विरुद्ध बाजूला प्रकाश परतवायला पांढरी चादर किंवा थर्माकोलचा पत्रा, एवढी माझी मांडणी. खोलीतले दिवे पूर्ण बंद, कारण खिडकीचा प्रकाश निळसर आणि बल्बचा पिवळसर असला की एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या रंगाचा येतो, आणि व्हाइट बॅलन्स (फोटोच्या रंगांचा समतोल) कितीही फिरवला तरी दोन्ही गाल एकदम सुधारत नाहीत. गादी दोन पावले आत सरकवली की शटरचा वेग १/२५० सेकंदावरून १/६० सेकंदावर उतरतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. खिडकी बाळाच्या डोक्याकडे किंवा बाजूला असावी. पायांकडे असली तर नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि हनुवटीखाली बॅटरी धरल्यासारखा चेहरा दिसतो. गादी नुसती फिरवायची, बाळाला उचलायचेही नाही.

पांढऱ्या चादरीवर पांढऱ्या झबल्यातले बाळ घेतले की कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर फसते आणि सगळे करडे करून टाकते. तेथे एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे लागते. रंगाचीही एक गंमत झाली. एका सकाळी सगळ्या फोटोंत बाळाचा डावा गाल गुलाबी येत होता. मी कॅमेऱ्याच्या मेनूत शोधत बसले होते, आणि बहीण म्हणाली, “ताई, मी बाजूला सरकू का? माझ्या गाऊनचा रंग पडतोय तिच्यावर.” तेव्हापासून बाळाजवळ बसणाऱ्याने फिकट कपडे घालावेत, असा आमचा नियम झाला. फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरवरची मूळ माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्येच काढते, कारण पहिल्या काही आठवड्यांत बाळाची त्वचा कधी लालसर तर कधी पिवळसर असते आणि तो रंग नंतर हळुवार सावरायला रॉमध्ये जागा राहते.

बाळाच्या वयाप्रमाणे लेन्सचे काम बदलत गेले. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाला साधारण २०-३० सेंटिमीटरवरचेच बऱ्यापैकी दिसते, म्हणून मीटरभरावरून खुळखुळा वाजवून तिने लेन्सकडे पाहावे ही अपेक्षाच चुकीची होती. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास हसण्याला प्रतिसाद म्हणून हसू येते. त्यानंतर मी बहिणीला माझ्या खांद्याला खांदा लावून बसवू लागले. तीन-चार महिन्यांनी मान धरल्यावर पालथे असतानाचे फोटो मिळाले, आणि माझे सर्वांत आवडते फोटो त्याच काळातले आहेत. झोपेत १/१२५ पुरत असे, त्या काळात १/२५० आणि रांगायला लागल्यावर १/५०० खाली गेले की हात धूसर होऊ लागले. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १६०० बिनधास्त वापरते. किंचित दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

एका बाबतीत माझे मत ठाम आहे. हनुवटी दोन्ही हातांवर टेकून बसलेल्या नवजात बाळाचे जे फोटो दिसतात, ते एका क्षणाचे नसतात. बाळाचे डोके आणि हात मोठ्यांनी आळीपाळीने धरलेले असतात आणि दोन फोटो जोडून धरणारे हात पुसलेले असतात. हौशी माणसाने घरी ती पोझ करून पाहूच नये. एकोणिसाव्या शतकात एका फोटोला काही सेकंद लागत, तेव्हा आईला कापडाखाली झाकून तिच्या मांडीवर बाळ बसवत असत, आणि त्या फोटोंत कापडाचा तो आकार स्पष्ट दिसतो. मी तर बहिणीचा हात झाकतही नाही. मानेखाली आधार देणारा तिचा तळवा आणि त्यावर टेकलेले छोटे डोके, हा फोटो आमच्या दिवाणखान्यात लावला आहे. वरून फोटो काढताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असलाच पाहिजे, आणि दुसरे मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे.

आता उणिवा. सर्वांत जवळचे फोकस अंतर ४५ सेंटिमीटर असल्याने एकच बोट किंवा पापण्या चौकटभर घेता येत नाहीत. संध्याकाळच्या मंद उजेडात फोकस पुढेमागे चाचपडतो, आणि मोटरची बारीक घरघर शांत खोलीत ऐकू येते. दोनदा तरी बाळाची झोप त्यानेच मोडली असे मला वाटते. खिडकीसमोर एफ १.८ ला पांढऱ्या कपड्यांच्या कडेला जांभळी रेघ येते, जी एफ २.८ पासून जवळजवळ जाते. हाताचा कंप सावरणारे स्थिरीकरण नाही. बांधणी प्लास्टिकची आहे, पण वजन दोनशे ग्रॅमहून कमी असल्याने तासभर धरूनही मनगट दुखत नाही, आणि अशा कामात मला ते जास्त मोलाचे वाटते.

लहान खोलीत आई आणि बाळ दोघींना पूर्ण घ्यायचे तर पाठ भिंतीला टेकते, त्यामुळे पुढे ३५ मिमी घेण्याचा विचार आहे. गेल्या आठवड्यात भाची कॅमेरा पाहून सरळ माझ्याकडे रांगत आली. दीड मीटरवर, एक मीटरवर, पाऊण मीटरवर फोटो मिळाले, आणि मग ती ४५ सेंटिमीटरच्या आत शिरली. लेन्सने फोकस सोडून दिला, आणि शेवटच्या फोटोत काचेवर टेकायला आलेला एक धूसर तळहात तेवढा दिसतो. तो मी ठेवला आहे.