केमोच्या दिवसांत साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो का?

पुरतो. बेळगावात कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारा, बटणसेलचा, मऊ टोकाचा घ्यावा. कपाळासमोर धरायची बंदूक झटपट आकडा देते, पण घाम आणि पंख्याच्या वाऱ्यानं फसते.

केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा 100.4 फॅरनहाइट दिसलं की लगेच दवाखान्याला फोन, मध्यरात्र असली तरी. टोक काखेच्या मधोमध, हात अंगाशी घट्ट, बीप होईपर्यंत. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो, हे डॉक्टरांना सांगावं. तोंड आलेलं असेल तर काखच बरी. गुदद्वारात कधीच लावू नये. आणि न विचारता पॅरासिटामॉल नको: ताप दबतो, संसर्ग आत वाढत राहतो.

पंधरा-सोळाच्या पोराला स्वतःच मोजू द्यावं. आई तासातासाला कपाळाला हात लावायला लागली की ते चिडतं, आणि बरोबरच आहे. आकडा त्यानं वाचायचा, ताईनं वेळेसकट वहीत लिहायचा. जांबोटीसारख्या लांबच्या गावाहून पावसात दवाखान्यात निघायचं तर गाडी कुणाची, हे बाबांनी आधीच ठरवून ठेवावं.

खोट एकच: स्वस्त मॉडेलच्या पडद्याला उजेड नसतो. लाईट गेली की टॉर्च शोधा. आकडे फिके दिसले की सेल बदला.