करी चिकन सॅलड डब्याला न्यायचंय: जर्दाळूचं, मँगो चटणीचं की द्राक्षांचं?

दुपारी थंडच खायचं असेल आणि मायक्रोवेव्हपुढे रांग लावायची नसेल तर करी चिकन सॅलडसारखा, म्हणजे करी पावडर घातलेल्या मेयोनेजमध्ये कालवलेल्या थंड चिकनसारखा, डबा नाही. पण रेसिपी शोधायला गेलात की गोंधळ होतो, कारण एकाच नावाखाली तीन वेगळे पदार्थ सापडतात. तिन्ही मी बरेचदा केलेत म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे मूळ कॉरोनेशन चिकन. 1953 मध्ये लंडनला एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाला आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या जेवणासाठी रोझमेरी ह्यूम आणि कॉन्स्टन्स स्प्राय या दोघींच्या कुकरी स्कूलने केलेलं. यात सॉस चक्क शिजवतात, म्हणजे कांदा तेलात परतायचा, त्यावर करी पावडर मिनिटभर परतायची, मग टोमॅटो प्युरी, थोडी रेड वाइन, पाणी, तमालपत्र, लिंबू घालून उकळून गाळायचं, आणि गार झालं की मेयोनेजमध्ये जर्दाळूच्या प्युरीसोबत मिसळायचं, शेवटी थोडं फेटलेलं क्रीम. चव फार सुंदर, सौम्य, आंबटगोड. पण पाऊण तास जातो आणि भांडी ढीगभर पडतात, सकाळी सातला हे कोण करणार?

दुसरं आज ब्रिटनमध्ये सँडविचमध्ये मिळतं ते, पिवळंधमक. मेयोनेज, करी पावडर, मँगो चटणी, बेदाणे, झालं. दहा मिनिटांचं काम. तिथली बाटलीतली मँगो चटणी म्हणजे साधारण आपल्या साखरांब्याची मसालेदार बहीण, त्यामुळे घरात साखरांबा असेल तर दोन चमचे तोच घाला, वर थोडं तिखट आणि आलं. यातली मोठी चूक म्हणजे करी पावडर कच्चीच मेयोनेजमध्ये टाकणं, मग हळदीचा कच्चा वास जिभेवरून जातच नाही. चमचाभर तेलात मंद आचेवर अर्धा मिनिट परता, गार करा, मग घाला. एवढ्या एका गोष्टीने पदार्थ बदलतो, खरंच. आणि अर्धं मेयोनेज काढून त्याजागी चक्का घातला तर जडपणा जातो.

तिसरं अमेरिकन वळणाचं, द्राक्षं, सफरचंद, सेलरी (कुरकुरीत दांड्यांची एक भाजी), काजू किंवा बदाम. कुरकुरीत, ताजं, उन्हाळ्यात मला हेच आवडतं. पण कापलेल्या द्राक्षांना पाणी सुटतं आणि दुपारपर्यंत डब्यात पातळ रस्सा होतो. द्राक्षं अख्खी ठेवा, सफरचंदाला लिंबू चोळा, काजू वेगळ्या पुडीत न्या.

चिकन तिन्हीला सारखंच, 500 ग्रॅम बोनलेस, मिठाच्या पाण्यात हलक्या आचेवर साधारण पंधरा मिनिटं, एक जाड तुकडा कापून आत गुलाबी नाही ना बघायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच सॉस लावायचा. थंड पदार्थात मीठमसाला दबतो, म्हणून चाखताना किंचित जास्त वाटेल इतकं ठेवा.

रोजच्या डब्याला माझं मत दुसऱ्याला, परतलेल्या मसाल्याचं आणि चक्क्याचं. फ्रीजमध्ये दोन दिवस छान राहतं. ऑफिसात फ्रीज नसेल तर डब्यासोबत आइस पॅक हवाच, मेयोनेज आणि चिकन आहे, उन्हात तर अजिबात ठेवू नका. रविवारी घरी कोणी जेवायला येणार असेल तर मात्र जर्दाळूचंच करा, सॉस शनिवारी रात्री करून ठेवायचा, सकाळी फक्त चिकन आणि क्रीम घालायचं, सोबत थंड भाताचं सॅलड.